अनुदान संपल्यावर वर्ग कसा चालेल?

(मंडळाच्या वार्षिक सभेनंतरच्या मेळाव्यात केलेलं भाषण. अनेक सभासदांनी मागणी केल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत.)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय पैशाचा आहे. त्यामुळे जेवणाच्या पंगतीआधी हा विषय आटोपेल याची खात्री बाळगा.

आपल्या मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग सगळ्यांना माहीत आहे. एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून त्याला तीन वर्षांचं अनुदान मिळालं. त्यातून शिक्षिकांचं मानधन, पुस्तकं, वह्या, वीजबिल हे सगळं भागलं. घरात मराठी बोलणारी, पण दुकानावरची मराठी पाटी वाचता न येणारी आपली नातवंडं आज जोडाक्षरं वाचतात. येत्या मार्चमध्ये शेवटचा हप्ता संपेल. एप्रिलच्या पहिल्या रविवारी वर्ग भरणार की नाही, हे आज आपल्याला ठरवायचं आहे.

मी स्थापत्य शाखेचा पदविकाधारक. राज्य सरकारच्या नोकरीत वीस-एक वर्षं झाली. पाण्याच्या टाक्या, नळयोजना, लहानमोठ्या इमारती यांची अंदाजपत्रकं करायची आणि कामावर देखरेख ठेवायची, हा माझा रोजचा उद्योग. या नोकरीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. टाकी बांधायला निधी मिळतो, कोनशिला बसते, नारळ फुटतो. काही काळ दुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदारावर असते, तोवर पाणी व्यवस्थित येतं. मुदत संपते आणि एक दिवस मोटार जळते. रक्कम काही लाखांची नसते, हजारांतच असते. पण ती कुणी द्यायची हे ठरलेलं नसतं, म्हणून टाकी कोरडी उभी राहते. शेजारच्याच गावात घरटी पाणीपट्टी ठरलेली असते, ती गोळा करणारा माणूस ठरलेला असतो, आणि तिथली मोटार आठवड्यात दुरुस्त होऊन येते. दोन्ही गावांना निधी सारखाच मिळालेला असतो. फरक पडतो तो पाणीपट्टीने.

आपला वर्ग ही अशीच एक टाकी आहे. अनुदानाने ती बांधून दिली. आपली पाणीपट्टी मात्र अजून ठरलेली नाही.

हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नाही. मराठी माणसाने उभ्या केलेल्या जवळजवळ प्रत्येक संस्थेला तो पडला आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचंच पाहा. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरायचं, असा त्यांचा क्रम होता. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच विद्यार्थिनी होत्या. सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे सरकारी पैशाचा भरवसाही नव्हता. अण्णांनी काय केलं? जे पदवीधर आणि इतर लोक दरवर्षी ठरावीक वर्गणी देतील त्यांना विद्यापीठाच्या कारभारात मत दिलं. वर्गणी देणारा माणूस त्या विद्यापीठाचा मतदार झाला.

पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. त्या काळातले पंधरा लाख! त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला मिळालं. आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ ते हेच. देणगीच्या व्याजापोटी विद्यापीठाला वर्षाला ५२,५०० रुपये मिळायचे. इतकी मोठी देणगी मिळाल्यावर एखाद्याने वर्गणीची पावतीपुस्तकं कपाटात ठेवून दिली असती. अण्णांनी ती ठेवली नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, ते युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका असे फिरले. जिथे जिथे आपले लोक भेटले तिथे त्यांनी विद्यापीठासाठी मदत मागितली.

ही मेहनत कामी आली. सर विठ्ठलदास तोवर वारले होते. पुढे त्यांच्या इच्छापत्राचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले आणि व्याजाची रक्कम काही काळ यायची थांबली. नंतर तडजोड झाली, १९३६ साली विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला गेलं आणि विद्यापीठ आजही चालू आहे. मोठा दाता कितीही भला असला तरी त्याच्या मागे विश्वस्त असतात, वकील असतात, बदललेली परिस्थिती असते. तिथे कुणाचीच चूक नसतानाही पैसा अडू शकतो. अशा वेळी संस्था तगते ती आधीपासून जोडून ठेवलेल्या लहान लहान देणाऱ्यांमुळे.

दुसरं उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचं. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावी सुरू झाली आणि १९२४ पासून साताऱ्यात रुजली. वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत असताना ऐकलं आहे. पण दागिने एकदाच मोडता येतात. रोजची चूल पेटली ती मुष्टिफंडावर. घरोघरी दळण-कांडण करताना एक मूठ धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढायचं. गरिबातल्या गरीब घरालाही मूठभर धान्य जड नव्हतं, आणि ज्या घरातून मूठ जायची त्या घराला ते वसतिगृह आपलं वाटायचं. त्याच्या जोडीला ‘कमवा आणि शिका’. मुलं शेतात, बांधकामावर राबायची आणि शिकायची.

१९४८ साली सरकारशी मतभेद झाले आणि रयतचं सरकारी अनुदान थांबलं. शेकडो मुलांचा प्रश्न होता. पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं. पण मधल्या दिवसांत संस्था कोसळली नाही, कारण स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद तिथे प्रत्यक्षात पाळलं जात होतं.

आता आपल्या हैदराबादकडे येऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात निजामाच्या राजवटीत मराठी शाळा चालवणं किती अवघड होतं, हे इथल्या ज्येष्ठांनी घरी ऐकलेलं आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं ते उर्दू माध्यमाचं. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, विवेकवर्धिनी उभी राहिली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशी मंडळी तिच्यामागे होती. १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. मग १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. रातोरात आपण भाषिक अल्पसंख्य झालो. तरीही या संस्थांना कुलूप लागलं नाही. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा इथल्या साध्या नोकरदार घरांनी त्या जपल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या पावत्या सापडतील. रकमा अगदी लहान, पण दरवर्षीच्या.

आपल्या शहरातलीच आणखी दोन उदाहरणं सांगतो. ती मराठी नाहीत, पण शिकण्यासारखी आहेत.

बंजारा हिल्सचं एल. व्ही. प्रसाद नेत्रालय १९८७ साली सुरू झालं. चित्रपट निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी सुरुवातीला मोठी देणगी आणि जागा दिली, म्हणून त्यांचं नाव. डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी घडी अशी बसवली की ज्यांना परवडतं ते रुग्ण पैसे भरतात आणि त्या जोरावर सुमारे निम्म्या रुग्णांवर मोफत उपचार होतात. देणग्या आजही येतात, पण रोजचा गाडा नुसत्या देणग्यांवर अवलंबून नाही.

दुसरं उदाहरण बालापूरच्या लाडवाचं. गणपती विसर्जनाच्या दिवशी सकाळी तिथे लिलाव होतो. १९९४ साली तो लाडू ४५० रुपयांना गेला होता. २०२४ साली ३० लाख १ हजारांना गेला. तो पैसा गावाच्या कामांना लागतो. आपल्याला असा लिलाव करायचा नाही, आणि केलाच तर आपला लाडू कितीला जाईल ते मला ठाऊक आहे! पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. दरवर्षी, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांच्या समोर पैसा जमतो. माणसाला तारीख पाठ असते. आपल्या वर्गनिधीलाही अशी एक पाठ झालेली तारीख हवी.

आता हिशेबाकडे वळतो, कारण अंदाजपत्रक मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोपं जावं म्हणून गोल आकडे घेतो. समजा वर्गात चाळीस मुलं आहेत. तीन शिक्षिका, प्रत्येकीला महिना साडेतीन हजार मानधन, म्हणजे वर्षाला १,२६,०००. पुस्तकं-वह्या २४,०००. वीज, सफाई, पाणी १८,०००. स्पर्धा आणि बक्षिसं १२,०००. एकूण १,८०,०००.

काही जण म्हणतात, एकदाच मोठा कायम निधी जमवू आणि व्याजावर वर्ग चालवू. ठेवीवर ७ टक्के व्याज धरलं तर १,८०,००० रुपयांसाठी २५ लाख ७० हजारांहून थोडी जास्त ठेव लागेल. शिवाय खर्च दरवर्षी वाढणार आणि व्याजदर खालीही येऊ शकतो. मार्चपर्यंत पंचवीस लाख जमवणं आपल्या आवाक्यातलं नाही, हे मान्य करू आणि पुढे जाऊ.

त्याऐवजी चार वाटा एकत्र करू. पहिली, साठ कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये द्यायचे. त्याचे वर्षाला ७२,००० होतात. दुसरी, पालकांकडून शुल्क. महिना दीडशे, वर्षातले दहा महिने, चाळीस मुलं, म्हणजे ६०,०००. तिसरी, चार लाखांचा लहानसा कायम निधी. त्याचं व्याज २८,०००. चौथी, दिवाळीच्या फराळाची विक्री किंवा एखादा नाट्यप्रयोग, त्यातून २०,०००. बेरीज करून पाहा, बरोबर १,८०,००० होतात. यातली एखादी वाट एखाद्या वर्षी आटली तरी बाकीच्या तीन वर्ग ओढून नेतील.

शुल्कावर आक्षेप येणार, ते मला माहीत आहे. ‘आत्तापर्यंत फुकट होतं, आता पैसे मागितले तर मुलं येणार नाहीत.’ काही येणार नाहीत, हे खरं आहे. पण आपण नृत्याच्या, चित्रकलेच्या, गणिताच्या शिकवणीला किती देतो ते मनातल्या मनात आठवा. महिना दीडशे रुपये हे त्या यादीत सगळ्यांत खाली बसतील. ज्या घराला तेही जड आहे, त्यांचं शुल्क माफ करायचं. हे फक्त कोषाध्यक्ष आणि एक शिक्षिका अशा दोघांनाच माहीत असेल. मुलाला आणि इतर पालकांना ते कळता कामा नये. त्या मुलांचे पैसे साठ कुटुंबांच्या वर्गणीतून भरून निघावेत म्हणून कुटुंबं साठावर थांबवायची नाहीत, सत्तर-ऐंशीपर्यंत न्यायची.

थोडं कायद्याचंही सांगतो, कारण चांगली कामं कागदावर अडतात.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी २०१३ च्या कंपनी कायद्यातून आला आणि एप्रिल २०१४ पासून लागू झाला. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. त्यात चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षंच मुदत असते. म्हणजे आपलं अनुदान थांबतंय यात कंपनीचा राग-लोभ काही नाही. ते तसंच असतं, आणि पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. या पैशातून कायम निधीही उभा करता येत नाही. तेव्हा ‘उरलेला हप्ता ठेवीत टाकू’ ही सूचना विसरायची. तो ज्या कामासाठी आला त्याच कामाला लावायचा, आणि शिल्लक राहिली तर कंपनीला लेखी विचारायचं.

कायम निधीसाठी जो देणगी देईल त्याने ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी द्यायला हवं. नुसतं तोंडी सांगून हिशेबात ती तशी धरता येत नाही. करसवलतीच्या ८०जीचं सांगायचं तर ती जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही. दोन हजारांवरची रोख देणगीही सवलतीला चालत नाही. तेव्हा शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

शेवटी परदेशातल्या मुलांबद्दल. आपल्या बहुतेक घरांतलं एक तरी माणूस डॅलस, न्यू जर्सी नाही तर मेलबर्नला आहे. त्यांना मदत करायची इच्छा असते. त्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि ते स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरीही, विदेशी योगदान कायद्याखालची परवानगी लागते. ती परवानगी आपल्या मंडळाकडे नाही. म्हणून अशा मुलांचे पैसे घाईने मंडळाच्या खात्यात मागवू नका. आधी कोषाध्यक्षांना विचारा.

आता काय करायचं ते सांगतो. एक, वर्गनिधीचं खातं मंडळाच्या इतर हिशेबांपासून वेगळं ठेवायचं. गणपतीची वर्गणी गणपतीला, वर्गाची वर्गाला. दोन, वर्गणी गोळा करणारा एक माणूस नेमायचा. ‘सगळ्यांचं काम’ असं ठेवलं की ते कुणाचंच राहत नाही. तीन, दर तीन महिन्यांनी जमाखर्च सूचनाफलकावर लावायचा आणि गटावर टाकायचा. शंभर रुपये देणाऱ्याला आपले शंभर कुठे गेले हे कळलं तर तो पुढच्या महिन्यात न मागता देतो. चार, गणेश चतुर्थी हा नोंदणीचा दिवस ठरवायचा. आरतीच्या आधी एक टेबल, एक वही, एक माणूस. ज्येष्ठ मंडळींना जुनी पावती आठवेल, तरुणांना क्यूआर कोड मिळेल.

आणि पाचवी गोष्ट, जी बोलायला थोडी कडू आहे. दिवाळीपर्यंत साठ कुटुंबं झाली नाहीत तर काय? तर एप्रिलमध्ये वर्ग बंद करायचा नाही. तीनऐवजी दोन शिक्षिका ठेवायच्या, बक्षिसं कमी करायची, पुस्तकं एका तुकडीने वापरून दुसरीला द्यायची. मानधन मात्र कापायचं नाही. ज्या बाई रविवारची सकाळ आपल्या मुलांना देतात, त्यांच्या साडेतीन हजारांतून आपण काटकसर करू नये. आणि ज्यांना थांबावं लागेल त्यांना ते फेब्रुवारीतच सांगायचं, मार्चच्या एकतीस तारखेला नाही.

कर्व्यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. पुढे सरकारने ती जबाबदारी उचलली आणि मंडळाचं काम पुरं झालं. एखादं काम असं समाधानाने संपणं यात कमीपणा नाही. आपल्या वर्गाची गरज मात्र संपलेली नाही. इथल्या शाळेत आपल्या नातवंडांना मराठी शिकवायला दुसरं कुणी येणार नाही. इंग्रजी शाळा शिकवेल, तेलुगू शाळा शिकवेल, हिंदी रस्ता शिकवेल. मराठी वाचायला शिकवायचं काम आपल्यालाच करावं लागेल, आणि त्याचा खर्चही आपल्यालाच उचलावा लागेल.

ती वही आजच बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. पहिलं पान कोरं आहे. जेवायला जाताना वाट तिथूनच आहे. साठ नावं हवी आहेत. काका, मावशी, पेन मी ठेवलेलं आहे.

माझं बोलणं संपवतो. गणपती बाप्पा मोरया!